बेचाळीस नंबरची वस्ती

नातीचे वरचे दोन दात ज्या वर्षी एकाच आठवड्यात पडले, त्या वर्षी अण्णांच्या घराने देश बदलला. मुलाला तिकडे नोकरी लागली होती, सुनेला तीन महिन्यांनी लागणार होती, आणि माईंना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून अण्णा आणि माईही निघाले. माईंचं हृदय अर्धंच काम करतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर अण्णांचं म्हणणं असं, की पुष्कळ जणांचं पूर्ण हृदयसुद्धा एवढं काम करत नाही. पण हे ते डॉक्टरांसमोर बोलले नाहीत.

मुलाच्या कंपनीने दहा आठवड्यांसाठी एक फ्लॅट दिला होता. चौथा मजला, दोन खोल्या, भिंतीला खिळा मारायला बंदी. दहा आठवड्यांत आपलं घर शोधायचं आणि तिथे जायचं. शाळेत नाव घालायचं तर पत्ता लागणार, म्हणून आधी वस्ती ठरवायची. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. परक्या मुलखात भाड्याचं घर शोधून पाहावं, असं कोणी सांगून ठेवलं नाही. सांगणाऱ्याने ते केलं नसणार. केलं असतं तर पहिल्या दोन गोष्टींचं त्याला काही वाटलं नसतं.

मुलगा शिकलेला. त्याने एक तक्ता केला. डाव्या बाजूला बारा वस्त्या आणि वर सतरा रकाने. शाळा, बाग, दवाखाना, हवा, गोंगाट, सायकलचा रस्ता, झाडांची सावली. प्रत्येकाला दहापैकी गुण. सून रोज संध्याकाळी त्यातले चारपाच गुण खोडायची आणि दुसरे घालायची, मग मुलगा तिने घातलेले खोडायचा. एका वस्तीला सावलीचे नऊ गुण मिळाले होते, ते दोनवर आले, कारण सुनेच्या लक्षात आलं की फोटो जाहिरातवाल्याने काढलेला आहे.

त्यातच इमारतीतले शेजारी. दुसऱ्या मजल्यावर औषधाच्या दुकानात काम करणारे एक गृहस्थ होते, त्यांना या देशात येऊन अकरा वर्षं झाली होती. तळमजल्यावर लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा एक होता, त्याला चार. दोघं आपल्याच भाषेतले. त्यामुळे सल्ला समजत नाही म्हणून टाळायची सोय नव्हती.

"उत्तरेकडे जाऊ नका," औषधवाले म्हणाले. "उत्तरेकडे वारा फार."

"दक्षिणेला अजिबात नको," लिफ्टवाला म्हणाला. "तिथे माणसं भिंतीसारखी. माझ्या बायकोला विचारा."

त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "आम्ही कुठे राहिलोय तिथे? यांना घर दिलं नाही कुणी, म्हणून राग आहे."

असं आठवडाभर ऐकल्यावर अण्णांना एक नियम सापडला. माणूस राहतो ती वस्ती उत्तम, सोडून आला ती वाईट, आणि जिथे त्याला घर मिळालं नाही तिथली माणसंच वाईट. हा नियम त्यांनी मुलाला सांगितला. मुलाने अठरावा रकाना काही केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर एक गोष्ट घडली. तिथे एक म्हातारी बाई एकटी राहायची. तिच्या दाराशी वर्तमानपत्रं साठत गेली. सगळे त्यांना ओलांडून जात होते, अण्णाही दोनदा ओलांडून गेले. चौथ्या दिवशी लिफ्टवाल्याचा पाय त्यांवरून घसरला आणि तो दारावर आपटला, तेव्हा कुठे दार वाजवलं गेलं. बाई स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. श्वास चालू होता. दवाखान्यात नेल्या, पण परत आल्या नाहीत.

त्या दिवशी जेवताना माई म्हणाल्या, "घर कसलंही घ्या. पण मी दोन दिवस कुणाला दिसले नाही, तर कुणीतरी विचारलं पाहिजे. एवढंच बघा. बाकी नळाला पाणी असलं की झालं."

"आई, आम्ही असणारच ना घरात," मुलगा म्हणाला.

"तू आठ ते सहा. ती नऊ ते सात. पोरगी शाळेत. आणि हे," माईंनी अण्णांकडे न बघता सांगितलं, "हे समोर असले तरी यांना दिसतं असं नाही."

अण्णा मान खाली घालून जेवले. वर्तमानपत्रं त्यांनीही दोनदा ओलांडली होती. माईंची मागणी सतरा रकान्यांत कुठेच बसत नव्हती. आणि माईंनी आयुष्यात मागितलेल्या गोष्टी अण्णांना एका हाताच्या बोटांवर सांगता आल्या असत्या.

तर अण्णांनी आपलं शास्त्र काढलं. अण्णा एकतीस वर्षं एका बसडेपोत कंट्रोलर होते. खिडकीच्या आत बसायचं, आलेल्या बसची वेळ लिहायची, गेलेल्या बसची वेळ लिहायची, उशिराचं कारण शेऱ्यात घालायचं. एकतीस वर्षांत त्यांचं घड्याळ एक मिनिट मागे पडलं नाही आणि पुढे गेलं नाही. डेपोचं मोठं घड्याळ बंद पडलं की ड्रायव्हर अण्णांच्या मनगटाकडे बघायचे. डेपोत ते एक गोष्ट शिकले होते. गाव कसं आहे हे गावातल्या माणसाला विचारू नये. थांब्यावर चार तास बसावं, गाव आपोआप समोरून जातं.

त्यांनी एक जाड वही घेतली आणि रेघा मारल्या. वेळ. कोण. एकटं की सोबत. शेरा. शेवटी एक रकाना, थोडा रुंद: कुणी विचारलं का?

तिथली लिपी त्यांना येत नव्हती, पण बसचे आकडे येत होते. म्हणून वस्त्यांची नावं त्यांच्यापुरती चौदा नंबर, सत्तावीस नंबर, नऊ नंबर अशी पडली. सकाळी डबा घ्यायचा, बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, शाळेच्या किंवा बागेच्या समोरचं बाक धरायचं आणि चार तास नोंद करायची.

चौदा नंबरला बाग सुंदर होती. चार तासांत एकसष्ट माणसं गेली. छप्पन्न जणांच्या कानात काहीतरी घातलेलं होतं. उरलेल्या पाचांपैकी तीन तान्ही होती. कुणी विचारलं का? नाही.

सत्तावीस नंबरला हिरवळीतून आपोआप पाणी उडायची सोय होती, आणि ती नेमकी बाकाच्या मागे होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी अण्णा पाठीकडून भिजले. उठून दुसऱ्या बाकावर गेले. नऊ चाळीसला तेही भिजलं. "वक्तशीर," असा शेरा त्यांनी मारला, कारण न्याय तो न्याय. ओल्या सदऱ्याने ते तीन तास बसले. सत्तर माणसं समोरून गेली. कुणी विचारलं का? नाही.

नऊ नंबरला त्यांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा शेजारी बिस्किटांचा अर्धा पुडा ठेवलेला होता. अण्णा बराच वेळ त्या पुड्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, इस्त्रीचा सदरा, पायात मोजे. घरी आल्यावर त्यांनी माईंना विचारलं, "मी कसा दिसतो?"

"आता विचारताय?" माई म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली."

रकान्यात काय लिहावं याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. शेवटी लिहिलं: विचारलं नाही, ठेवून गेले.

अशा अकरा वस्त्या झाल्या आणि शेवटच्या रकान्यात अकरा वेळा नाही आलं. आठवा आठवडा संपत आला होता.

तिकडे मुलगा आणि सून घरं दाखवणाऱ्या दलालाकडे खेटे घालत होते. दलालाचा अर्ज नऊ पानांचा. सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडा, असं त्यात होतं. पुरावा म्हणजे घरमालकाचं पत्र. फ्लॅट कंपनीचा. कंपनी म्हणाली, आम्ही घरमालक नाही, आम्ही कंपनी. मग विजेचं बिल आणा. वीज कंपनीच भरते. मग बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, देतो की, आधी पत्त्याचा पुरावा आणा. सुनेने शांतपणे विचारलं, "म्हणजे घर मिळायला आधी घर पाहिजे?" दलाल म्हणाला, "बरोबर समजलात." तो खूश झाला, कारण बहुतेकांना हे समजायला दोन खेपा लागत.

दुसरी अडचण अण्णांची. जाहिरातीत लिहिलेलं असायचं, कुटुंबासाठी योग्य. कुटुंब म्हणजे आईबाप आणि मुलं. मुलाचे आईबाप ही भानगड अर्जात नव्हती. दलालाने पाचव्या पानावर खूप शोधून त्यांना एका चौकटीत बसवलं. चौकटीचं नाव पाहुणे. मुदत चौदा दिवस.

मुलाने हे घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं.

"पाहुणे," अण्णा म्हणाले.

"कागदावर हो, अण्णा. नुसतं कागदावर."

"मी आयुष्यभर कागदावरच काम केलं आहे."

त्यानंतर दोन दिवस अण्णा चहा झाला की "येतो मी" म्हणून उठायचे आणि आतल्या खोलीत जायचे. सुनेला हसू येई आणि वाईटही वाटे. माई तिला म्हणाल्या, "चौदा दिवस होऊ दे. पंधराव्याला दमतील."

पंधरावा दिवस उजाडायच्या आत बेचाळीस नंबर आलं.

बारावी आणि शेवटची वस्ती. मुलाच्या तक्त्यात तिचा नंबर सहावा होता, कारण बाग लहान आणि बस वळसा घालून जाणारी. अण्णा शाळेसमोरच्या बाकावर बसले. कोपऱ्यावर एक बैठं घर होतं, खिडकीला तपकिरी पडदा. त्याच्यासमोर दुसरं घर रिकामं, दारावर पाटी. अण्णांनी वही उघडली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, आठ चार. साडेआठला पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

गाडीतून एक पोलीसबाई आणि एक पोलीस उतरले. बाई नम्रपणे बोलत होती. नम्रपणा समजायला भाषा लागत नाही, पण त्यापुढचं समजायला लागते. तिने वहीकडे बोट दाखवलं. अण्णांनी वही दिली. तिने पानं उलटली. पानापानांवर रेघा, आकडे, शाळेच्या वेळा, आणि कुठलीच अक्षरं ओळखीची नाहीत. तिचा चेहरा बदलला. अण्णांनी तिला समजावं म्हणून शाळेकडे हात केला, मग मुलांकडे, मग वहीकडे, आणि शेवटी आपल्या छातीवर हात ठेवला. यानंतर त्यांना गाडीत बसवण्यात आलं. एकतीस वर्षं वाहतूक खात्यात काढलेला माणूस पहिल्यांदाच तिकीट न काढता प्रवासाला निघाला.

चौकीत त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. दुभाष्या फोनवर होता. त्याला वहीच्या पानांचे फोटो पाठवले गेले. तो आपल्याच भाषेतला कुणी तरुण माणूस होता, आवाज गंभीर. तो एकेक नोंद आधी मूळ भाषेत वाचायचा आणि मग त्यांच्या भाषेत सांगायचा.

"आठ दहा," तो वाचू लागला. "मुलगा, एकटा. डबा विसरला. आई मागून धावली. आठ बारा. दोन मुली, एकट्या. एकीच्या बुटाची नाडी सुटलेली. सांगावंसं वाटतं, भाषा नाही." तो थांबला. "काका, हे तुम्ही का लिहिता?"

"मग लक्षात कसं राहणार?"

"तुम्ही कुणासाठी काम करता?"

"आता कुणासाठी नाही. निवृत्त आहे."

"मग ही माहिती कुणाला देणार?"

"बायकोला."

दुभाष्याने हे सांगितलं. पोलीसबाईने ते लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

मग तक्रार वाचून दाखवण्यात आली. कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या, पूर्वी परिचारिका असलेल्या बाईंनी ती केली होती. आठ दोनला अनोळखी इसम बाकावर बसला. आठ आठला त्याने चष्मा पुसला. आठ दहाला वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं. आठ पंधराला डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

अण्णा पुढे सरकले. "आठ चार," ते म्हणाले.

"काय, काका?"

"आठ दोन नाही, आठ चार. चष्मा आठ दहाला पुसला. बाकी सगळं कबूल आहे. बाईंचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, हे त्यात घालायला सांगा."

"काका, मुद्दा तो नाही."

"मग दुसरा कुठला मुद्दा आहे?"

दुभाष्याने एक श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. पोलीसबाईने अण्णांच्या मनगटाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. ती उठून पाठमोरी झाली आणि तिचे खांदे थोडे हलले.

मुलगा दुपारी कामावरून आला. त्याने बायको, मुलगी, नोकरी, तक्ता असं सगळं समजावून सांगितलं. अण्णांना सोडलं. सोडताना एक कागद दिला. अण्णांनी तो घडी करून खिशात घातला. बसमध्ये बापलेक शेजारी बसले. दोन थांबे गेल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "अण्णा, आपल्याकडे तक्ता होता ना?"

संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर झाली. लिफ्टवाला येऊन म्हणाला, "काका, आम्हाला चार वर्षं झाली, पण चौकी आतून बघितली नव्हती. तुम्ही आठ आठवड्यांत."

औषधवाले म्हणाले, "मी सांगितलंच होतं, उत्तरेकडे जाऊ नका."

"हे पूर्वेला आहे," सून म्हणाली.

"तेच ते."

सगळे गेल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. माईंनी खुर्ची ओढली.

"नोंद पुरी केलीत?"

"कसली नोंद? सव्वीस मिनिटं बसलो जेमतेम."

"शेवटच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"काही नाही लिहिलं."

"का?"

"अगं, पोलीस आले होते."

"म्हणजे कुणीतरी विचारलं."

अण्णांनी तोंड भिंतीकडून वळवलं.

"अकरा ठिकाणी तुम्ही चार चार तास बसलात," माई म्हणाल्या. "भिजलात, झोपलात. कुत्र्याने विचारलं नाही. इथे एका बाईला सव्वीस मिनिटांत तुम्ही दिसलात. तुम्ही चष्मा पुसलात तेही दिसलं. मला ते घर हवंय. तिच्या समोरचं."

"तिने मला पकडून दिलं."

"मग? तुमची ओळख नव्हती तिला. मला ओळखेल."

मुलाने तक्ता उघडला, सहाव्या नंबरकडे बघितलं आणि मिटला. अडचण एकच होती, पत्त्याचा पुरावा. आणि दोन दिवसांत अर्ज गेला नाही तर ते घर दुसऱ्याला जाणार होतं. सुनेने सहज विचारलं, "चौकीतून कागद दिला, त्यात काय आहे?"

अण्णांनी घडी उघडून दिली. सुनेने फोनवर भाषांतर लावून तो वाचला आणि पुन्हा वाचला. त्यावर शिक्का होता, सही होती, तारीख होती, आणि लिहिलं होतं की सदर इसमाची चौकशी केली असता तो अमुक इमारतीत चौथ्या मजल्यावर आपल्या कुटुंबासह कायम राहणारा असल्याचं आढळलं, आणि त्याच्याविरुद्ध काही नाही.

दलालाने तो कागद उलटसुलट करून बघितला. इतका पक्का पुरावा त्याच्याकडे कुणी आणला नव्हता. बँकेचं पत्र काय कुणीही आणतं. पाचव्या पानावरचे पाहुणे त्याने स्वतःच्या हाताने खोडले.

दहावा आठवडा संपायला एक दिवस असताना ते बेचाळीस नंबरला राहायला गेले. दुसऱ्या सकाळी माई दारात उभ्या राहिल्या आणि समोरच्या तपकिरी पडद्याकडे बघून हात वर केला. पडदा हलला नाही. तिसऱ्या दिवशी थोडा हलला. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरची बाई रस्ता ओलांडून आली, अण्णांकडे एकदा बघितलं, आणि माईंच्या शेजारी बसली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर समजत नव्हतं. माई आपल्या भाषेत गुडघ्याबद्दल सांगायच्या, ती तिच्या भाषेत कशाबद्दल तरी सांगायची, आणि दोघी योग्य जागी मान हलवायच्या. नात कधी मध्ये बसून सांगू लागली तर माई म्हणायच्या, "तू जा गं खेळायला. आमचं कळतंय आम्हाला." पहिल्या हिवाळ्यानंतर या घराची किल्ली समोर आणि समोरच्या घराची किल्ली इकडे असायला लागली.

अण्णा मात्र त्या बाईशी जपून वागत. नमस्कार करत, पण आधी मनगटाकडे बघत. तिच्या मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं मागेच होतं. त्यांनी एकदा खुणेने ते पुढे करून द्यायची तयारी दाखवली. तिने खुणेनेच नको म्हटलं.

रोजचा क्रम ठरून गेला. अण्णा आठला नातीला शाळेत सोडायला निघत आणि घंटा होईपर्यंत त्याच बाकावर, घराकडे पाठ करून, बसत. त्यांच्या मागे माई खिडकीशी येऊन हात वर करत, समोरून हात वर होई, आणि दोघींचा दिवस सुरू होई.

नात चौथीत गेली त्या वर्षी, नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी, समोरून हात वर झाला आणि इकडून झाला नाही. कोपऱ्यावरच्या बाईने थोडं थांबून बघितलं, मग किल्ली घेतली आणि रस्ता ओलांडला. माई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, दवाखान्याला फोन केला, आणि फोन ठेवून हात धरून बसली. माईंनी दोन दिवस मागितले होते. तिला आठ मिनिटं लागली.

शाळेची घंटा झाल्यावर अण्णा परतले, तेव्हा दाराशी दवाखान्याची गाडी उभी होती. आत कोपऱ्यावरची बाई जमिनीवरच बसलेली होती, हात सोडलेला नव्हता. डॉक्टरांनी वेळ विचारली, तेव्हा तिने पुढे केलेल्या कागदावर आठ अठरा लिहिलेलं होतं. अण्णांनी मनगटाकडे बघितलं. त्यांच्या हिशेबाने ते आठ वीस व्हायला हवे होते. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि आठवड्याने, सगळे गेल्यावर, जुनी वही काढून शेवटच्या पानावर तिचीच वेळ लिहिली, कारण तेव्हा तिथे ती होती.

माई वारल्या, नोव्हेंबरची नऊ तारीख, मंगळवार, सकाळी आठ वाजून अठरा मिनिटांनी.